अधोलोकातून परतीची वाट : मार्शा लिनहान यांचे आत्मकथन

आत्मकथन हा ख्रिस्ती साहित्यातील जुना आणि मानाचा प्रकार आहे. संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस आपले ‘कन्फेशन्स’ लिहावयास घेतले, तेव्हापासून माणसाने देवासमोर उभे राहून स्वतःचे आयुष्य वाचावे ही रीत पडली. मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’नी या रीतीला घरगुती, हसरे आणि तितकेच सच्चे रूप दिले. मात्र या परंपरेत एका प्रकारच्या माणसाला अभावानेच जागा मिळालेली दिसते. ज्याचे स्वतःचे मनच त्याच्यावर उलटते, असा हा माणूस. संतांच्या अशा व्यथेला आपण ‘आत्म्याची काळोखी रात्र’ असे भारदस्त नाव देतो. शेजारच्या घरातील मुलीची तीच व्यथा दिसली, की तिला हट्ट म्हणतो, नाटक म्हणतो, फार तर बाहेरची बाधा म्हणतो. ही तफावत अस्वस्थ करणारी आहे. तिच्याकडे पाहावयास लावणारे एक पुस्तक आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पुस्तकाचे नाव ‘बिल्डिंग अ लाइफ वर्थ लिव्हिंग’, म्हणजे ‘जगण्याजोगे आयुष्य उभारताना’. लेखिका मार्शा लिनहान. 2020 च्या आरंभी ते अमेरिकेत प्रसिद्ध झाले. लिनहान या सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या, आणि ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ या विकारावर त्यांनी घडविलेली उपचारपद्धती आज जगभर वापरली जाते. त्यांचे वय सत्तरीकडे झुकेपर्यंत एक गोष्ट जवळच्या मोजक्या माणसांपलीकडे कोणाला ठाऊक नव्हती. ज्या रुग्णांसाठी त्यांनी ही पद्धती उभारली, त्यांच्यातल्याच त्या एक होत्या. जून 2011 मध्ये हार्टफर्ड येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात, म्हणजे जेथे त्या पन्नास वर्षांपूर्वी रुग्ण म्हणून कोंडल्या गेल्या होत्या तेथेच, त्यांनी आप्तेष्ट, सहकारी आणि डॉक्टर यांच्यासमोर हे प्रथम जाहीर केले. पुस्तकाचा आरंभ याच प्रसंगाने होतो.

ग्रंथाचा विचार करण्यापूर्वी विकाराची ओळख करून घेणे इष्ट ठरेल. या शब्दाला मराठीत ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार’ असा प्रतिशब्द वापरतात. पण त्यावरून काहीच बोध होत नाही, आणि दोष मूळ नावाचाच आहे. 1938 मध्ये अमेरिकन मनोविश्लेषक ॲडॉल्फ स्टर्न यांनी अशा रुग्णांचे वर्णन केले. सौम्य मनोविकार आणि वास्तवाचे भानच हरपणारा गंभीर मनोविकार यांच्या सीमारेषेवर हे रुग्ण आहेत, अशी त्या काळची समजूत होती. समजूत मागे पडली, नाव तेवढे उरले. 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत सूचीत या विकाराला स्थान दिले. आजच्या सूचीत त्याची नऊ लक्षणे दिली आहेत : आपल्याला कोणी टाकून जाईल हे असह्य भय, माणसाला आज देव्हाऱ्यात बसविणारी आणि उद्या पायदळी तुडविणारी नाती, आपण कोण याविषयीची अनिश्चितता, अविचारी उतावळेपण, स्वतःला इजा करणे वा मरणाची भाषा, तासातासाने पालटणारी मनःस्थिती, सततचे रितेपण, आवरता न येणारा संताप, आणि ताणाच्या वेळी क्षणभर वास्तवापासून तुटणे. यांपैकी पाच लक्षणे दीर्घकाळ दिसली, तर निदान होते. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे शंभरांत एक-दोन माणसे या विकाराने ग्रस्त असतात. उपचारांसाठी येणाऱ्यांत स्त्रिया बऱ्याच अधिक दिसतात.

लक्षणांची ही यादी डोळ्यांखालून घालताना वाचकाच्या मनात एखादा ओळखीचा चेहरा उभा राहिला, तर त्याने लगेच त्याच्या कपाळी हे नाव चिकटवू नये. यांतले थोडेथोडे आपणा सर्वांतच असते. निदान हे तज्ज्ञाचे काम आहे. आपले काम निराळे आहे, आणि त्याकडे आम्ही पुढे येऊच.

लिनहान यांचा जन्म 1943 सालचा, ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरातला. घर संपन्न आणि कॅथोलिक. सहा भावंडांत त्या तिसऱ्या. वडील तेलाच्या व्यवसायात, आई समाजकार्यात आणि प्रतिष्ठित मंडळींत वावरणारी. शाळेत हुशार आणि पियानोत निपुण असलेली ही मुलगी सतराव्या वर्षी, 1961 साली, इस्पितळात दाखल झाली आणि सव्वीस महिने तेथे राहिली. निदान झाले ते स्किझोफ्रेनियाचे. जबर औषधे दिली गेली, विजेचे झटके दिले गेले, एकांत कोठडीत ठेवले गेले. ती स्वतःला इजा करीतच राहिली. 1963 साली ती बाहेर पडली, तेव्हा तिच्या बरे होण्याची आशा फारशी कोणी धरलेली नव्हती. पुढे स्वतः तज्ज्ञ झाल्यावर लिनहान यांनी मागे वळून पाहिले, तेव्हा आपला विकार स्किझोफ्रेनियाचा नसून याच जातीचा होता, असे त्यांचे मत झाले.

येथे या पुस्तकाचा पहिला साहित्यिक विशेष ध्यानात येतो. आत्मचरित्राचे भांडवल म्हणजे स्मृती. ऑगस्टीन यांनी तर आपल्या ग्रंथाचा दहावा खंड स्मृतीच्याच चिंतनाला वाहिला आहे. त्यांच्या लेखी ती एक अफाट दालनांची वास्तू आहे, आणि तिच्यातून हिंडत ते देवाला शोधतात. लिनहान यांच्यापाशी हे भांडवल नाही. इस्पितळापूर्वीच्या आणि तेथील काळातले त्यांना फारच थोडे आठवते. हे विस्मरण त्या विजेच्या उपचारांशी जोडतात. त्यामुळे स्वतःचे तारुण्य त्यांना इस्पितळाच्या कागदपत्रांवरून आणि भावंडांच्या व स्नेह्यांच्या आठवणींवरून जुळवावे लागले. जी बाई स्वतःची कथा सांगते, तिला ती दुसऱ्यांकडून ऐकावी लागते. एखाद्या हुशार लेखकाने ही पोकळी कल्पनेने भरून काढली असती. लिनहान ती तशीच ठेवतात, आणि वाचकाला प्रत्येक वेळी सांगतात, की हे मला आठवते, हे मला सांगितले गेले. आमच्या मते या सचोटीमुळे पुस्तकाच्या पूर्वार्धाला वजन आले आहे.

याच काळात, त्या बंद कक्षात, या मुलीने देवाला एक वचन दिले : मी या नरकातून बाहेर पडेन, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा आत जाऊन इतरांना बाहेर काढीन. साऱ्या ग्रंथाचा कणा हे वचन आहे. कॅथोलिक वाचकाला ते वाचताना आपल्या विश्वासांगीकारातील एक वाक्य आठवल्यावाचून राहणार नाही. ख्रिस्त मेला, पुरला गेला आणि अधोलोकात उतरला, अशी आपली श्रद्धा आहे. शुभशुक्रवार आणि पुनरुत्थान यांच्यामधल्या त्या शनिवारी आपण फारसे थांबत नाही. पूर्वेकडील ख्रिस्ती चित्रकारांनी मात्र तो प्रसंग शतकानुशतके रंगविला : दारे मोडून आत शिरलेला प्रभू आदाम आणि हव्वा यांना हाताला धरून वर ओढीत आहे. लिनहान ही प्रतिमा वापरीत नाहीत. पण सुटका झालेल्याने सुटकेच्या जागी परत जाणे, हीच त्यांच्या आयुष्याची रचना आहे.

पुस्तकातील सर्वांत चर्चिला गेलेला प्रसंग 1967 सालचा. लिनहान तेव्हा शिकागोत होत्या, नोकरी करीत आणि येशूसंघीयांच्या लोयोला विद्यापीठात शिकत. एका रात्री प्रार्थनागृहात क्रुसाकडे पाहत गुडघे टेकलेले असताना सारी जागा सोनेरी उजेडाने भरून गेल्याचा अनुभव त्यांना आला. त्या धावत खोलीत आल्या आणि स्वतःवर आपले प्रेम आहे असे स्वतःशीच बोलल्या. या वर्णनात आम्हांला सोनेरी उजेडापेक्षा एक व्याकरणाची बाब अधिक मोलाची वाटते. स्वतःविषयी बोलताना आपण ‘मी’ असे म्हटल्याचे त्यांना आठवते, ते त्या रात्री प्रथमच. तोवर त्या स्वतःला परक्या बाईसारख्या संबोधीत. योगायोग असा, की ज्या संताचे नाव त्या विद्यापीठाला आहे, त्या इग्नेशियसने सोळाव्या शतकात आपले आत्मवृत्त सांगितले ते ‘यात्रेकरू’ असे तृतीय पुरुषात. आणि मान्रेसा येथे 1522 साली आपल्याला आत्मघाताचा मोह झाला होता, हेही त्याने त्यात लपविले नाही. संताने नम्रतेपोटी ‘मी’ सोडला. या मुलीपाशी सोडण्यासाठी ‘मी’च नव्हता; तो तिला आधी मिळावा लागला. अहंकार सोडा असा उपदेश करणाऱ्या आम्हां मंडळींनी हा भेद ध्यानात ठेवावा. ज्याच्यापाशी ‘स्व’ उभाच राहिलेला नाही, त्याला आत्मत्यागाचे प्रवचन देणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगणे होय.

एखादा भाबडा लेखक येथेच पुस्तक संपविता. आपल्याकडील आरोग्यप्रार्थनेच्या मेळाव्यांतून ज्या साक्षी सांगितल्या जातात, त्यांचा साचा असाच असतो : अंधार, मग स्पर्श, मग उजेड आणि टाळ्या. लिनहान यांची कथा पुढे चालू राहते. तो आनंद सुमारे वर्षभर टिकला. मग एक प्रेमसंबंध तुटला आणि जुनी उद्ध्वस्तता परत आली. पालटली होती ती एकच गोष्ट : वादळ आले तरी स्वतःला इजा न करता ते सोसता येऊ लागले. कृपेने विकार पुसून टाकला नाही, उभे राहावयास पायाखाली जमीन दिली. कृपा मानवी स्वभाव नष्ट करीत नाही, त्याला पूर्णत्व देते, हे संत थॉमस अक्विनास यांचे सूत्र आम्ही सेमिनरीत पाठ केले होते. त्याचे इतके उघडे उदाहरण आधुनिक आत्मचरित्रांत आमच्या पाहण्यात नाही. अनुभवानंतर या बाईने औषधोपचार आणि शास्त्र यांच्याकडे पाठ फिरविली नाही. 1971 साली तिने मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली.

पुस्तकाचा उत्तरार्ध त्यांच्या उपचारपद्धतीच्या घडणीचा आहे. ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ हे तिचे नाव अवघड असले, तरी गाभा समजण्याजोगा आहे. केवळ ‘बदल’ म्हटले, की हा रुग्ण दुखावतो. त्याला वाटते, माझे दुःख कोणाला दिसतच नाही. केवळ ‘जसा आहेस तसा राहा’ म्हटले, तर तो बुडतो. म्हणून स्वीकार आणि बदल ही दोन्ही टोके एकाच वेळी हाती धरावयाची. त्यासाठी चार प्रकारची कौशल्ये शिकवितात : सावध भान, दुःख सोसण्याची ताकद, भावनांचे नियमन, आणि नाती न तोडता आपले म्हणणे मांडण्याची रीत. आठवड्याला एक वैयक्तिक भेट, एक सामूहिक वर्ग, अडचणीच्या वेळी दूरध्वनीवरून मार्गदर्शन, आणि उपचार करणाऱ्यांनी एकमेकांना सावरण्यासाठी भरविलेली बैठक, अशी तिची चौकट आहे. यांतल्या एका कौशल्याचे नाव ‘उलट कृती’. भावना जिकडे ओढते, तिच्या नेमके उलट वागावयाचे : लपून बसावेसे वाटले, तर लोकांत जावयाचे. इग्नेशियसच्या ‘अध्यात्मसाधना’ ज्यांनी केल्या आहेत, त्यांना हे ऐकून नवल वाटणार नाही. मन उजाड असताना पूर्वीचे निश्चय मोडू नयेत आणि त्या उजाडपणाच्या विरुद्ध दिशेने जोर लावावा, असे त्याचे नियम सांगतात. एकातून दुसरे निघाले असे आम्ही म्हणत नाही. पण शहाणपणाच्या दोन विहिरी एकाच झऱ्यावर असाव्यात, असे वाटते खरे.

स्वीकाराचा धडा लिनहान यांनी झेन साधनेतून घेतला, आणि त्यांचे एक गुरू विलिगिस येगर हे जर्मनीतील बेनेडिक्टाइन संन्यासी होते. या येगर यांच्यावर ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांनी पुढे निर्बंध घातले. महाराष्ट्रातील वाचकाला हा मार्ग अनोळखी नाही. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय अँथनी डिमेलो यांनी 1978 साली ‘साधना’ हे पुस्तक लिहून श्वासाच्या आणि सावधानतेच्या साधना ख्रिस्ती प्रार्थनेत आणल्या. त्यांच्याही लेखनावर 1998 साली, त्यांच्या निधनानंतर, रोमने आक्षेप नोंदविले. या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. एवढेच म्हणतो, की लिनहान यांनी या साधनेतून श्रद्धेचा गाभा काढून फक्त कौशल्य तेवढे दवाखान्यात आणले, कारण रुग्ण कोणत्याही धर्माचा वा धर्म न मानणाराही असू शकतो. आम्हांला हा निर्णय योग्य वाटतो, जरी त्यात काहीतरी मागे राहिले ही रुखरुख लेखिकेच्याही लेखनातून जाणवते.

विकाराच्या कारणांविषयी लिनहान यांचा सिद्धान्त दुपेडी आहे. एक पेड जन्मजात : काही मुलांची भावना लवकर पेटते, उंच भडकते आणि सावकाश विझते. दुसरा पेड भोवतालचा : अशा मुलाच्या भावनेला घरात सतत नाकारले जाते. ‘एवढ्याशा गोष्टीला रडायचे काय?’ ‘तुला काही झालेले नाही.’ ‘देवाने सगळे दिले आहे, तरी हिचे तोंड वाकडे.’ ही वाक्ये कोणत्या मराठी घरात ऐकू येत नाहीत? आणि ती दुष्टपणाने उच्चारलेली नसतात. सोशिक मुलाला ती बाधतही नाहीत; ज्याची कातडी भाजलेली आहे त्याला मात्र मायेचा हातही चटका देतो. हा सिद्धान्त प्रकाश टाकणारा आहे, तसा धोक्याचाही. त्याचा दुसरा पेड तेवढा धरला, की सारा दोष आईच्या पदरात पडतो. पुस्तकातील आईचे चित्रण या धोक्यातून पूर्णपणे सुटले आहे, असे आम्ही म्हणणार नाही. आईला मुलगी समाजात शोभेलशी हवी होती, मुलीला ते साधले नाही, हे वारंवार येते. त्या आईला काय भोगावे लागले असेल, हे क्वचित येते. लक्ष्मीबाई टिळकांपाशी ही दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहण्याची हातोटी होती. तापट नवऱ्याविषयी लिहितानाही त्यांच्या लेखणीत विनोदाची ऊब राहते. लिनहान यांच्या गद्यात ती ऊब कमी पडते.

दुसरा दोष रचनेचा. मधली अनेक प्रकरणे विद्यापीठातील नेमणुका, संशोधन-निधीचे अर्ज आणि वरिष्ठांशी झालेले वाद यांत अडकली आहेत. तेथे कथा दमते. तिसरा मुद्दा पुराव्याचा. 1991 साली लिनहान यांनी आपल्या पद्धतीची पहिली काटेकोर चाचणी प्रसिद्ध केली, आणि 2006 सालच्या मोठ्या चाचणीत अनुभवी तज्ज्ञांच्या इतर उपचारांच्या तुलनेत आत्महत्येच्या प्रयत्नांचा संभव निम्म्यावर आल्याचे दिसले. हे यश निर्विवाद मोठे आहे. तथापि कॅनडात 180 रुग्णांवर केलेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, नीट आखलेल्या सर्वसाधारण मनोवैद्यकीय उपचारांनीही जवळपास तितकाच गुण आला. म्हणजे गुण एकाच पद्धतीचा नसून, कोणीतरी शिस्तीने, न कंटाळता, रुग्णाला न टाकता सोबत राहिले याचाही आहे. आत्मकथन एका व्यक्तीचे असल्यामुळे ही दुसरी बाजू वाचकाने स्वतः जोडून घ्यावी.

सर्वांत आशादायक वार्ता तर निराळ्याच अभ्यासातून येते. मेरी झानारिनी आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील मॅक्लीन इस्पितळातून रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे दहा वर्षांत 93 टक्के रुग्णांची लक्षणे निदान दोन वर्षे टिकेल इतकी ओसरली होती. मात्र नाती आणि काम यांसह आयुष्य खऱ्या अर्थाने सावरले ते सुमारे निम्म्यांचेच. लक्षण जाणे आणि जगण्याजोगे आयुष्य मिळणे यांत हे जे अंतर आहे, तेच लिनहान यांच्या पुस्तकाच्या नावात आहे.

आता आपले काम. धर्मग्रामात काम करणाऱ्या कोणाही धर्मगुरूला असे माणूस भेटतेच. आज तो धर्मगुरूला संत ठरवितो. उद्या दार उघडण्यास उशीर झाला, तर त्याच्याइतका निष्ठुर माणूस जगात नसतो. अशा वेळी दोन मोह होतात : त्याचा तारणारा होण्याचा आणि त्याला कायमचा टाळण्याचा. दोन्ही त्याच्या भयाला खतपाणी घालतात. ठरलेली वेळ द्यावी आणि ती पाळावी. न पेलणारे वचन देऊ नये. ‘तुला आत्ता किती दुखते आहे हे मला दिसते’ एवढे आधी म्हणावे, आणि मग तज्ज्ञाकडे न्यावे. भावनेची दखल घेणे म्हणजे वागणुकीला संमती देणे नव्हे. पश्चात्तापाच्या संस्कारात पाप आणि पापी यांत भेद करणाऱ्या परंपरेला हे उमजण्यास कठीण जाऊ नये. आणि मरणाची भाषा कोणी केली, तर ती धमकी समजून झटकू नये.

या बाबतीत ख्रिस्तसभा आणि राज्य दोघेही हळूहळू शहाणे झाले आहेत. 1917 च्या धर्मविधिसंहितेने जाणूनबुजून आत्मघात करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. 1983 च्या संहितेतून ती तरतूद गेली. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथाने गंभीर मानसिक व्यथेमुळे जबाबदारी उणावते असे मानले आणि अशा मृतांच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे सांगितले. आपल्या देशात 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावयास लावले, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या प्रयत्नाला शिक्षा देणारे जुने 309 कलम उरले नाही. सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर चालू आहे. तो क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर लावण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. कायदा पालटला, नियम पालटले. आपली घरगुती भाषा मात्र अजून ‘नाटक’ या शब्दापाशीच थांबलेली आहे.

लिनहान यांचे पुस्तक थोर गद्याचा नमुना नाही. ते जागोजागी रेंगाळते, कधी स्वतःचे समर्थन करते, आणि त्यातली विनोदबुद्धी बेताची आहे. पण ज्यांच्याविषयी सारे बोलतात आणि ज्यांना कोणी बोलू देत नाही, अशा माणसांमधून उठून एक बाई ‘मी’ म्हणते आणि पन्नास वर्षांपूर्वी दिलेले वचन पाळते, हे वाचावयास मिळणे दुर्मिळ आहे. मनोरुग्णांच्या सेवेतील धर्मभगिनींनी, सेमिनरीतील विद्यार्थ्यांनी, आणि विशेषतः ज्यांच्या घरात असे एखादे भाजलेल्या कातडीचे लेकरू वाढत आहे, त्या आईबापांनी ते वाचावे, अशी आमची शिफारस आहे. आईविषयीच्या प्रकरणांपाशी त्यांनी थोडा धीर धरावा. पुढची प्रकरणे त्यांना उपयोगी पडतील.